मोडीत घालण्याआधी एकदा पथारीवर मांडून बघा

एका ताईंचा प्रश्न आहे. वडील गेले, जुनं घर पाडायला चाललंय, आणि सामान उरलंय ते असं: तांब्याचा बंब, पितळी भांड्यांची एक ट्रंक, दोन बंद रेडिओ, तीन-चार चावीची घड्याळं आणि वडिलांची हत्यारांची पेटी. भंगारवाल्याने सगळं वजनावर मागितलंय. मुलगा म्हणतो, फोटो काढून मोबाइलवर टाकू. ताई विचारतात, ‘तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात इतकी वर्षं बसता. आमच्यासारख्यांनी तिथे स्वतः बसून विकण्यात काही अर्थ आहे का? आणि तुम्हाला त्यात एवढं मिळतं तरी काय?’

पैशांचं आधी सांगतो, म्हणजे ते एकदाचं मिटेल. पथारीवर बसून बंगला बांधलेला माणूस मी पाहिलेला नाही. रिक्षा, चहा, वडापाव वजा जाता कधी हजार-दोन हजार सुटतात, कधी नुसती भवानी, म्हणजे पहिली विक्री, होते आणि दुपारी पोतं पाठीवर टाकून घरी. भंगारवाल्यापेक्षा जास्त मिळतात हे खरं. तो धातूचे पैसे देतो आणि त्यात चूकही काही नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण त्या जास्तीच्या पैशांसाठी रविवार उन्हात घालवायचा असेल तर मी म्हणेन, नका येऊ.

मी आलो ते पैशांसाठीच. पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली तेव्हा घरात माझी स्वतःची हत्यारं पडून होती: कानशी, मायक्रोमीटर, गुण्या, दोन व्हर्नियर, धातू खरवडायची हाताने बनवलेली स्क्रेपरं. बायको म्हणाली, एक तर ही राहतील नाहीतर फ्रिज येईल. मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार मला गिऱ्हाईक म्हणून ठाऊक होता. ओळखीच्या एका नटबोल्टवाल्याने त्याच्या पथारीच्या कडेला दोन फूट जागा दिली. चार रविवारांत हत्यारं संपली. पाचव्या रविवारी माझ्याकडे विकायला काही नव्हतं, तरी मी जाऊन बसलो. हे व्यसन तिथून लागलं.

हत्यारं विकताना मी साहेब होतो. कोणती कानस कशाला, मायक्रोमीटरचं शून्य जुळतं का, हे मलाच ठाऊक, गिऱ्हाईक ऐकून घेणार. पुढे घरं रिकामी करणाऱ्यांकडून मिळेल ते उचलायला लागलो आणि चित्र उलटं झालं. आपण काय विकतोय हेच मला कळेना. एकदा तीन उभट लोखंडी भांडी आली, पितळी पट्टी मारलेली, एकात एक बसणारी. मी ती पेनं, छत्र्या ठेवायची म्हणून मांडली. मावळातल्या एक आजी उकिडव्या बसल्या, सगळ्यात मोठं भांडं उचललं आणि हसल्याच. ‘आरं बाबा, ही पायली हाय. छत्र्या कसल्या ठिवतोस?’ मग तिथेच माझी शिकवणी झाली. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. भात मोजताना वर शीग, म्हणजे काठाच्या वरची रास, कशी लावायची, हे त्यांनी हवेतल्या हवेत हाताने करून दाखवलं. ‘शिगोशीग’ हा शब्द मी जन्मभर वापरत होतो. शीग म्हणजे काय, ते त्या दिवशी पाहिलं. १९५८ पासून देशात किलोग्रॅमची वजनं यायला लागली आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली. आजींच्या बोटांतून मात्र गेली नव्हती.

आजींनी काही विकत घेतलं नाही. पण पुढच्या रविवारी तीच तीन भांडी मी ‘पायली, शेर, मापटं’ म्हणून मांडली आणि गावाकडे घर बांधणाऱ्या एका डॉक्टरांनी ती छत्र्यांच्या भावाच्या चौपटीने नेली. आजींचा वाटा द्यायचा राहिला तो राहिलाच.

ताई, तुम्हाला हवं ते उत्तर खरं तर एवढंच आहे. मोबाइलवर वस्तू विकली जाते, पथारीवर ती आधी ओळखली जाते. फोटोला कोणी वाजवून बघत नाही. काशाची वाटी घ्या. पितळीवर टिचकी मारली की आवाज लवकर विझतो, काशाचा रेंगाळत राहतो. हे मला एका कासाराने दाखवलं, माझ्याच मालावर, माझ्याच बोटाने. तोवर मी काशाच्या वाट्या पितळ म्हणून देत होतो. तळपायाला तूप लावून घासायला लोक आजही नेमकी ती वाटी शोधत येतात आणि ती सापडली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. तेव्हापासून खिशात एक लोहचुंबक ठेवतो. वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड असलं की चिकटतो. गिऱ्हाइकाने मागायच्या आत मीच लावून दाखवतो. पुढचं बोलणं निम्मं होतं.

मोबाइलवर विकायचा प्रयत्न मीही केला, नाही असं नाही. एक रेडिओ टाकला. तीस-बत्तीस जणांनी ‘लास्ट प्राइस?’ एवढंच विचारलं. नमस्कार नाही, वाजतो का नाही, काही नाही. एकाने घरी येतो म्हणून तीन संध्याकाळी मला बसवून ठेवलं. तोच रेडिओ पथारीवर ठेवला तेव्हा एक गृहस्थ आले आणि त्यांनी आधी मागचं झाकण उघडायला सांगितलं. आत पोस्टाचं रेडिओ-परवान्याचं पुस्तक अडकलेलं होतं. पूर्वी रेडिओ बाळगायला पोस्टात फी भरून परवाना घ्यावा लागायचा. त्यांना रेडिओपेक्षा त्या पुस्तकाचा आनंद जास्त झाला. रेडिओ मर्फीचा होता. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता आणि त्यांचे काका तिथे कामाला होते, हे सगळं उभ्या उभ्या कळलं. पुस्तकाचे वेगळे पैसे मी घेतले का? घेतले. पण कमी घेतले.

तुमच्या दोन रेडिओंबद्दल इथेच सांगून टाकतो. वाजतात का बघायला म्हणून प्लगला लावू नका. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या संचातले कंडेन्सर सुकलेले असतात. विजेला जोडलं की धूर निघतो आणि चांगला संच मरतो. धूळ झटका, पण डायलच्या काचेमागची अक्षरं ओल्या फडक्याने पुसू नका, ती उतरतात. ‘बंद आहे’ असं सरळ सांगून विका. बंद रेडिओला दुरुस्त करणारा हौशी माणूस भेटतो आणि तो तुमच्या खोटं बोलण्यापेक्षा खरं बोलण्याचे जास्त पैसे देतो.

पितळेची भांडी पितांबरी लावून लख्ख करायचा मोह होईल. अर्धीच करा. घरात वापरायला तांब्या-कळशी शोधणाऱ्या बायकांना लख्ख लागतं, त्या झळाळीवर भाळतात. जुनं म्हणून जुनं शोधणाऱ्याला मात्र तो काळसर करडा थरच हवा असतो. तुम्ही तो घासून काढलात की तो हातातली समई खाली ठेवतो आणि निघून जातो, कारणही सांगत नाही. अडकित्ते, करंडे, पानाचे डबे, देवघरातली तामणं यांना नुसतं कोरडं फडकं मारा.

अडकित्त्यावरून आठवलं. घोड्याच्या आकाराचा एक अडकित्ता माझ्याकडे बरेच दिवस पडून होता. एक कॉलेजातली मुलगी तो हातात घेऊन विचारते, ‘काका, केळकर संग्रहालयातले बघितलेत का तुम्ही?’ मी चाळीस वर्षं पुण्यात, आणि शुक्रवार पेठेतल्या त्या वाड्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. लाज वाटून पुढच्या मंगळवारी गेलो. दिनकर केळकर, कवितेत ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून हेच जमवलेलं: अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली हत्यारं, दारं, फण्या. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केलं. मी काचेसमोर उभा राहून हिशोब करत होतो, यातल्या किती वस्तू मी किलोवर घातल्या असतील. अडकित्ता त्या मुलीलाच दिला. तिच्याकडे पैसे कमी होते, तिने दोन रविवारांत दिले.

आता घासाघीस. नवीन माणूस याला घाबरतो आणि म्हणून आधीच किंमत पाडून बोलतो. असं करू नका, गिऱ्हाइकाचा विरस होतो. तुम्ही सहाशे म्हणायचं, तो तीनशे म्हणतो, तुम्ही वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. हातात गेलेली वस्तू अर्धी त्याची झालेली असते. तो ती उलटीपालटी करतो, खोट काढतो. खोट काढणारा घेणारा असतो, ‘छान आहे हो’ म्हणणारा पुढे जातो. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, शेजाऱ्याला कळत नाही. आमच्याकडे सगळं उघड्यावर. शेजारचा पथारीवाला, त्याचा मुलगा, चहावाला, सगळे मध्ये पडतात. ‘द्या हो काका, घेईल तो, सारखा येतो’ असं माझ्याच बाजूचा माणूस माझ्याविरुद्ध बोलतो, आणि ते चालतं. साडेचारशेला सौदा ठरला तरी दोघं जिंकल्यासारखे निघतात. पहिलं गिऱ्हाईक मात्र परत पाठवायचं नाही, थोडं खाली आलं तरी द्यायचं, भवानी आहे ती. नोट कपाळाला लावायची. हल्ली पैसे फोनवर येतात, फोन कपाळाला लावणारेही मी पाहिलेत.

पथारी अंथरताना, अजून पोतं नीट सुटलेलंही नसताना, जे त्यात हात घालतात ते गिऱ्हाईक नव्हेत, ते व्यापारी. ‘ताई, सगळं मिळून सांगा’ असं म्हणतील. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही, त्यांच्याच डोळ्यांवर बाजार चालतो, पण सगळं मिळून काही सांगायचं नाही. तो ज्या वस्तूकडे बघतच नाही, तीच त्याला हवी असते. मी हे चूक करून शिकलो. एका लाकडी पेटीसकट किरकोळ सामानाचा लॉट मी दिला. ती पेटी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांची होती, हे मला चार महिन्यांनी त्यानेच हसत हसत सांगितलं. वर चहा पाजला. चहा घेतला मी.

मुंबईच्या चोर बाजारातही हा प्रकार आहे. शुक्रवारी मटन स्ट्रीटची नेहमीची दुकानं बंद असतात आणि भल्या पहाटेपासून रस्त्यावर माल अंथरला जातो. पण तिथे विकायला बसायचा अनुभव मला नाही, मी फक्त हिंडलोय. गोव्यात हणजुण्याला, म्हणजे अंजुनाला, बुधवारचा बाजार भरतो. तो सत्तरच्या दशकात हिप्पींनी सुरू केला, मुक्काम वाढवायचा तर खिशात पैसे हवेत म्हणून अंगावरच्या जीन्स, टेपरेकॉर्डर, जे असेल ते विकायला बसायचे. मी गेलो तेव्हा तिथे जुनं शोधावं लागलं. बहुतेक माल नवाकोरा आणि रांगभर सारखाच. विकणाऱ्यालाच वस्तूची गोष्ट ठाऊक नसली की बाजार लवकर कंटाळवाणा होतो, असं माझं मत. हणजुण्यावर प्रेम करणारे भांडतील, भांडू देत.

मांडण्याआधी काय बाजूला काढायचं, हे जरा कडक शब्दांत सांगतो. ट्रंकेत हस्तिदंती फणी, वाघनख, सांबराचं शिंग काही निघालं तर ते विकायचं नाही, वन्यजीव कायद्यात अडकाल. तलवार, गुप्ती, कट्यार पथारीवर दिसता कामा नये. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, ताम्रपट हे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीवाल्याला तर नाहीच, मलाही देऊ नका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहासकार राजवाड्यांनी मेहेंदळ्यांच्या साथीने काढलेलं, तिथे नेऊन दाखवा. आणि प्रत्येक खण, प्रत्येक डबा उलटा करून बघा. मी घेतलेल्या कपाटांतून लोकांची लग्नपत्रं, बँकेची पासबुकं, एकदा तर गंठण निघालंय. गंठण परत नेऊन दिलं. त्या घरच्यांनी मला चहाही विचारला नाही, उलट आणखी काय होतं म्हणून उलटतपासणी घेतली. असू दे.

घड्याळांना चावी द्या, पण हलक्या हाताने, अडलं की थांबा. एचएमटी असतील तर आनंद आहे. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ ला बंगळुरात सुरू झालेला त्यांचा कारखाना बंद पडलाय आणि मागणारे वाढलेत. डायलवर डाग असला तरी राहू द्या. रंगवून नवा केलेला डायल जाणकार दोन हातांवरून ओळखतो. माझ्याकडे एक पेन्शनर येतात, दर वेळी ‘जनता’ मॉडेल उचलतात, चावी देतात, कानाला लावून डोळे मिटतात आणि परत ठेवतात. सुरुवातीला मला राग यायचा. आता ते दिसले की मीच घड्याळ पुढे करतो. त्यांनी कधी घेतलं नाही. घेऊही नये, मग ते येणार नाहीत.

बंब. बाहेरची काजळी खरवडू नका. आत पाणी भरून एक दिवस ठेवा, कुठे पाझरतो ते खडूने खूण करा. तोटी फिरते का, मधल्या नळीची जाळी शाबूत आहे का, ते बघा. बंबाला दोन प्रकारची माणसं येतात. हॉटेलवाले, शेतघरवाले, ज्यांना तो दाराशी ठेवून त्यात झाड लावायचंय, ते पैसे जास्त देतात. दुसरे गावाकडचे, ज्यांना त्यात पाणी तापवायचंय. ते पाझर कुठे आहे ते विचारतात, तोटी चारदा फिरवतात, आणि पैसे कमी देतात. कुणाला द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, वडील तुमचे. मोबाइलवर मात्र हे ठरवायची पाळीच येत नाही.

हत्यारांची पेटी सगळ्यात शेवटी विका, आणि एकेक हत्यार सुटं करून विका. आधी पेटी उजेडात नेऊन पाना, पक्कड, कानशीची मूठ, रंध्याचं पातं यांच्यावर बारकाईने नजर टाका. जुन्या कारागिरांनी आपल्या आद्याक्षरांचा पंच मारलेला असतो, कारखान्यात हत्यारं अदलाबदल होतात म्हणून. तुमच्या वडिलांची अक्षरं असतील तर ती घासून काढू नका. घेणाऱ्याला ती खोट वाटत नाही. माझ्या हत्यारांवरही होती. परवा एक पोरगा, भोसरीत वर्कशॉप टाकलेला, माझ्याकडे स्क्रेपर दाखवायला घेऊन आला, ‘काका, असं आणखी आहे का?’ मुठीखाली माझीच दोन अक्षरं. चार हात फिरून आलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. धार कशी लावायची तेवढं दाखवलं, कारण तो चुकीच्या कोनात लावत होता.

बुधवारी हल्ली मी नसतो, गुडघे ऐकत नाहीत. रविवारी या. पहिल्या रविवारी काही आणू नका, नुसत्या हिंडा, लोक कशाला हात लावतात ते बघा. आणि कुणाच्याही ठरलेल्या जागेवर पथारी टाकू नका, माझ्या शेजारी दोन फूट निघतील. दुसऱ्या रविवारी भांडी आणा, बंब टेम्पोतून आणावा लागेल. बसायला एक जास्तीचं पोतं, पाण्याची बाटली आणि दहा-वीसचे सुटे आणा. फोनवर पैसे येतात खरे, पण भवानीच्या गिऱ्हाइकाकडे नेमकी पाचशेची नोट असते.